कुंपणाला नावं ठेवणारी माणसं

कुंपण मंगळवारी सकाळी सव्वासातला पडलं. कुणी धडक दिली नव्हती, वारा नव्हता, भूकंपाचीही बातमी नव्हती. शेजारचे मॅनेजर त्या वेळी कुंड्यांना पाणी घालत होते. त्यांच्या साक्षीप्रमाणे कुंपणाने आधी एक सुस्कारा टाकला आणि मग दमलेला माणूस खुर्चीत बसतो तसं ते फुटपाथवर बसलं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मॅनेजरांना साक्ष द्यायची संधी कुणी दिली नव्हती. दुपारपर्यंत त्यांनी तो सुस्कारा गल्लीतल्या सोळा जणांना आवाजासकट करून दाखवला.

“वहिनी, कुंपण गेलं हो,” ते दारात येऊन हळूच म्हणाले.

मेट्रनबाई रागावल्या. असा हळू केलेला आवाज त्यांनी गेले पाच महिने पुष्कळ ऐकला होता. “गेलं काय म्हणता? पडलंय. मला दिसतंय.”

एकतीस वर्षं इस्पितळात काढून, त्यातली शेवटची अकरा मेट्रन म्हणून काढून त्या निवृत्त झाल्या होत्या, पण नाव तेच चिकटलं होतं. दूधवाला त्यांना मेट्रनबाई म्हणे, समोरच्या घरातलं दोन वर्षांचं पोर ‘मेतन’ म्हणे. त्यांच्या यजमानांचं बाजारात चष्म्याचं दुकान होतं. अख्ख्या गावाची नजर त्यांनी सरळ केली, पण स्वतःच्या घराभोवतीचं कुंपण काही त्यांना सरळ करता आलं नाही. ते त्यांनी स्वतःच्या हाताने उभारलं होतं, तेहतीस वर्षांपूर्वी, आणि नंतर दर सुट्टीला त्याची डागडुजी केली होती. त्यात लोखंडी अँगल होते, दुकानाच्या जुन्या शटरच्या पट्ट्या होत्या, इस्पितळाने लिलावात काढलेल्या पलंगांचे कठडे होते आणि एका ठिकाणी सलाइनचा स्टँड होता. चौदा खांब होते, आणि चौदांची तोंडं चौदा दिशांना होती. मेट्रनबाई त्या कुंपणाला रोज सकाळी कामावर जाताना नावं ठेवत आणि संध्याकाळी परत आल्यावर उरलेली ठेवत. यजमान ऐकून घेत. पाच महिन्यांपूर्वी ऐकणारा माणूस गेला. कुंपण राहिलं होतं, तेही आता फुटपाथवर बसलं.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. मुलगी दुसऱ्या शहरात, तिसऱ्या मजल्यावर राहायची. तिच्या फ्लॅटमधली एक खोली पाच महिने रिकामी करून ठेवलेली होती आणि ही गोष्ट ती फोनवर कधी बोलून दाखवायची नाही, फक्त अधूनमधून त्या खोलीत ऊन किती छान येतं ते सांगायची. कुंपणाची बातमी तिला मॅनेजरांकडून आधीच कळली होती. सुस्काऱ्यासकट.

“आई, एकटीनं किती काय काय बघशील?”

“कुंपण उभं करायचंय, धरण नाही बांधायचं.”

“माणसं मिळत नाहीत हल्ली. मिळाली तर येत नाहीत.”

“दोन आठवड्यांत उभं करून दाखवते. नाही केलं तर तू म्हणशील तिथे येऊन राहते, जा!”

शब्द तोंडातून निघाल्यावर मेट्रनबाईंच्या लक्षात आलं, की भांडणात हरणारी ही मुलगी दिलेला शब्द मात्र कधी विसरत नाही. मग मुलगी म्हणाली, “बरं. येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी येते. टेम्पो सांगून ठेवते.”

हातात बारा दिवस होते.

पहिला वेल्डर बुधवारी आला. कानावर पेन्सिल, खिशात टेप. पडलेल्या कुंपणापुढे कमरेवर हात ठेवून तो उभा राहिला, डोकं एका बाजूला कलतं केलं आणि म्हणाला, “कुठल्या आंधळ्यानं केलंय हे?”

आता यात त्या वेल्डरचं वैयक्तिक काही नव्हतं. जगातला कुठलाही कारागीर काम सुरू करण्यापूर्वी आधीच्या कारागिराचा उद्धार करतो. न्हावी विचारतो, आधी कुणी कापले? शिंपी विचारतो, हे कुणी शिवलं? मेट्रनबाईंनी तर एकतीस वर्षं डॉक्टर पाहिले होते. नवा डॉक्टर पेशंटकडे नंतर बघे, आधी जुन्या डॉक्टरचा कागद बघून “हे कुणी दिलं?” असं म्हणून भुवया वर करी. हे सगळं त्यांना पाठ होतं. तरीही त्या म्हणाल्या,

“माझ्या यजमानांनी. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं.”

“मग लावायचा तरी होता एखादा,” वेल्डर म्हणाला.

मेट्रनबाईंनी त्याला फाटकाकडे बोट दाखवलं. फाटकही आडवं पडलेलं असल्यामुळे तो त्यावरून चालत गेला.

गुरुवारी वॉर्ड ऑफिसातून नोटीस आली, की आपले कुंपण सार्वजनिक पदपथावर विनापरवाना विसावले आहे. मेट्रनबाई नोटीस घेऊन ऑफिसात गेल्या. तिथल्या कारकुनाने त्यांना समजावून सांगितलं, की दुरुस्तीला परवानगी लागत नाही, नवीन कुंपणाला लागते. निम्म्याहून जास्त खांब उभे असले तर दुरुस्ती, निम्म्याहून जास्त पडले तर नवीन.

“चौदांतले सात उभे आहेत,” मेट्रनबाई म्हणाल्या.

“बरोबर सात?” कारकून चिंतेत पडला. अशी परिस्थिती नियमात धरलेली नव्हती. त्याने आतल्या साहेबांना विचारलं, साहेबांनी फोनवर कुणाला तरी विचारलं, आणि शेवटी असं ठरलं की फॉर्म भरून ठेवावा, मग बघू. फॉर्ममध्ये एक रकाना होता: मूळ कंत्राटदाराचे नाव.

“पती,” मेट्रनबाईंनी लिहिलं.

“ते रजिस्टर्ड आहेत का?”

“चव्वेचाळीस वर्षं होते.”

“मग त्यांची एक सही लागेल. काम समाधानकारक होतं म्हणून.”

“ते वारलेत. आणि समाधानकारक नव्हतं.”

कारकुनाने पेन खाली ठेवलं. माणूस वाईट नव्हता. त्याने इकडेतिकडे बघितलं, ‘दुरुस्ती’ या चौकोनात खूण केली आणि हळू आवाजात म्हणाला, “आठवा खांब नंतर पडला असं समजू.”

शुक्रवारी जाळीवाला आला. हा तरुण होता, टापटीप होता, त्याने टेपऐवजी फोन काढला. मेट्रनबाईंना वाटलं, माप घेतोय. पण तो वेगवेगळ्या कोनांतून फोटो काढत होता आणि काढताना त्याचे खांदे हलत होते.

“काय झालं?”

“काही नाही मावशी. आमच्या धंद्यातल्या लोकांचा ग्रुप आहे, त्यावर टाकतो. हा सलाइनचा स्टँड... म्हणजे कुंपण आयसीयूत होतं का?”

हाच विनोद मेट्रनबाईंनी स्वतः बावीस वर्षांपूर्वी केला होता, याच जागी उभं राहून, आणि त्यावर त्या स्वतःच खूप हसल्या होत्या. जाळीवाल्याला मात्र त्यांनी सांगितलं, की फोटो पुसायचे, आत्ता, माझ्यासमोर. त्याने पुसले. मग त्याला जायला सांगितलं. तोही फाटकावरून गेला.

एव्हाना गल्लीला कुंपण पडल्याची सवय होऊ लागली होती, आणि फायदाही. मागच्या रस्त्यावरून बसस्टॉपला जायला मेट्रनबाईंच्या अंगणातून चौऱ्याण्णव पावलं वाचतात, असा शोध कुणीतरी लावला. शनिवारी सकाळी त्या दात घासत मागच्या दारात उभ्या असताना चालायला निघालेल्या सात ज्येष्ठ नागरिकांचा जथा त्यांच्या समोरून गेला आणि प्रत्येकाने “गुड मॉर्निंग, मेट्रनबाई” म्हटलं. तोंडात फेस असताना उत्तर देता येत नाही आणि न देणं असभ्य. सात वेळा मान डोलवून त्या आत आल्या आणि त्यांनी निश्चय केला: आता आपणच.

कपाटात प्लास्टरच्या पट्ट्यांचे सहा रोल होते. हाड आणि खांब यांत तत्त्वतः फरक नाही, असं मेट्रनबाईंनी स्वतःला पटवलं. मोडका खांब जागेवर बसवला, खाली-वर दोन फळ्या बांधल्या, पट्ट्या भिजवून सफाईने गुंडाळल्या. काम इतकं देखणं झालं, की त्यांना संध्याकाळपर्यंत बरं वाटत होतं. सोमवारी शाळा सुटल्यावर मुलांनी त्या प्लास्टरवर सह्या केल्या. एकाने ‘लवकर बरे व्हा’ असं लिहून खाली हसरा चेहरा काढला. तासाभरात खांब प्लास्टरसकट आडवा झाला.

“वहिनी,” मॅनेजर म्हणाले, “मी एक माणूस पाठवतो. अतिशय सभ्य. आमच्या मेव्हण्याकडे त्यानं काम केलंय.”

मॅनेजरांनी त्या सभ्य माणसाला काय पढवून पाठवलं होतं, ते मंगळवारी तो तोंड उघडताच कळलं. “वा!” तो म्हणाला. “वा, वा, वा! असं काम आता होत नाही हो काकू. हे बघा, हा अँगल. काय बसवलाय! माणूस कलावंत असला पाहिजे.”

मेट्रनबाईंनी पदराने खुर्ची पुसली. त्यांनी त्याला बसायला खुर्ची दिली, चहा दिला, यजमानांच्या दुकानाविषयीसुद्धा दोन शब्द सांगितले. सभ्य माणूस खुलत गेला. चहा संपवून तो फाटकाकडे वळला आणि हात जोडून म्हणाला, “आणि हे फाटक! याला तर तोड नाही.”

ते फाटक अर्धंच उघडायचं. बिजागऱ्या उलट्या लावल्या होत्या, त्यामुळे ते एका ठरावीक कोनात अडायचं आणि पुढे सरकायचं नाही. मेट्रनबाई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन तेहतीस वर्षं त्या फटीतून तिरक्या होऊन घरात आल्या होत्या. ड्यूटीवरून तिरक्या, बाजारातून तिरक्या. त्यांच्या निरोप समारंभाचा हारसुद्धा त्या फाटकातच अडकून तुटला होता.

“फाटक चांगलंय?” त्यांनी विचारलं.

“अप्रतिम!”

“निघा.”

“काय झालं काकू?”

“तुम्ही खोटं बोलता. निघा.”

संध्याकाळी मॅनेजर आले. ते दुखावले होते. सभ्य माणूस त्यांच्या मेव्हण्याच्या विश्वासातला होता. “वहिनी, जो नावं ठेवतो त्याला तुम्ही घालवता. जो कौतुक करतो त्यालाही घालवता. तुम्हाला नक्की हवंय तरी काय?”

मेट्रनबाईंना उत्तर माहीत असतं तर त्यांनी नक्की दिलं असतं. उत्तर राखून ठेवण्याबद्दल त्यांची ख्याती नव्हती. रात्रीच्या भाकऱ्या करतानाही त्या तोच प्रश्न उलटत-पालटत होत्या, आणि एक भाकरी त्यामुळे करपली.

बुधवार गेला, गुरुवार गेला. बातमी पसरली होती: त्या घराकडे जाऊ नका, तिथे नावं ठेवली तरी हाकलतात, कौतुक केलं तर चहा देऊन हाकलतात. कुणी फोन उचलेना. गुरुवारी संध्याकाळी मुलीचा मेसेज आला, ‘टेम्पो रविवारी चार वाजता.’ पुढे काही नाही. त्या खोलीतल्या उन्हाबद्दलही नाही. मेट्रनबाई अंगणात खुर्ची टाकून बसल्या. हे घर, हा ओटा, तिरकं होऊन आत यायची ती जागा. सगळं सोडून तिसऱ्या मजल्यावर जायचं, आणि तेही आपल्याच तोंडाच्या वाफेमुळे. शुक्रवारी सकाळी त्यांनी मनातला अपमान गिळला आणि पहिल्या वेल्डरला फोन लावला.

तो आला. सामान घेऊन आला. घमेलं, थापी, ओळंबा, सगळं. कुंपणापुढे उभा राहिला, कमरेवर हात ठेवले, डोकं कलतं केलं आणि तोंड घट्ट मिटून घेतलं. पाच मिनिटं गेली. दहा गेली.

“सुरू करा की,” मेट्रनबाई म्हणाल्या.

“होत नाही बाई.”

“म्हणजे?”

“बोलल्याशिवाय हात चालत नाही माझा,” वेल्डर कळवळून म्हणाला. “तुम्हाला वाटतं आम्ही उगाच शिव्या घालतो. तसं नसतं. आधीच्याला एकेक शिवी घालत गेलं, की कुठं काय चुकलंय ते ध्यानात येतं. मगच काम कळतं. आता तुम्ही बोलू देत नाही. मग मी बघू कसं?”

मेट्रनबाई विचारात पडल्या. हे त्यांना पटण्यासारखं होतं. पेशंटला हात लावण्यापूर्वी त्याची हिस्टरी घ्यावीच लागते.

“थांबा,” त्या म्हणाल्या. “तुम्ही नका बोलू. मी बोलते. तुम्ही ऐका.”

आणि त्या पहिल्या खांबापाशी गेल्या.

“हा बघा. हा पाच नंबर वॉर्डातला पलंग. याचा खड्डा हातभर तरी खणायचा ना? यांनी वीतभर खणला. म्हणाले, खाली दगड लागला. दगडबिगड काही नव्हता, क्रिकेटची मॅच होती. लिहून घ्या. हा दुसरा: याला रंग लावताना खालून वर लावला, सगळा रंग बाहीत गेला. हा तिसरा. याला तार बांधलीय ती माझ्या कपडे वाळत घालायच्या दोरीची. मला आठ दिवस सांगितलं, चोर घेऊन गेला. दोरीचा चोर! हा सलाइनचा स्टँड. अहो, कुंपणाला सलाइन लावणारा माणूस तुम्ही जन्मात पाहिला नसेल. मी पाहिला. मी त्याच्याशी संसार केला.”

वेल्डर पेन्सिलीने भराभर टिपून घेत होता. मधेच त्याला राहवलं नाही. “इथं सिमेंटात वाळू जास्त झाली वाटतं?”

“वाळूच आहे ती! सिमेंटची पिशवी भिजवली म्हणून मी ओरडेन या भीतीनं मला न सांगता वाळूच भरली. घोडचूक. लिहा, घोडचूक.”

मॅनेजर पाण्याची झारी घेऊन त्यांच्या बाजूला येऊन उभे राहिले. मेट्रनबाई थांबल्या नाहीत. फाटकाला त्यांनी चांगली सात मिनिटं दिली. आवाज चढला होता, गाल लाल झाले होते. पाच महिन्यांत त्या इतकं बोलल्या नव्हत्या. सगळे येत, यजमानांविषयी चांगलं-चांगलं बोलत, देवमाणूस म्हणत, आणि मेट्रनबाई मान डोलवत. तो माणूस कोण, त्यांना ओळखू येत नसे. हा ओळखू येत होता. हा दोरी चोरणारा, वीतभर खड्डा खणणारा, ओरडा खाऊन शीळ घालणारा.

असं करत करत त्या चौदाव्या खांबापाशी आल्या. तो घराच्या मागच्या कोपऱ्यात होता. त्याचा खड्डा मात्र चांगला खोल होता. आत सिमेंट नव्हतं. खांब नुसता उभा करून विटांचा टेकू दिलेला होता.

“हा पाच महिन्यांपूर्वी बदलायला काढला,” त्या म्हणाल्या. “सकाळी खड्डा खणला. दमले. म्हणाले, सिमेंट उद्या ओततो.”

वेल्डर पेन्सिल धरून थांबला.

“हे असं,” मेट्रनबाई म्हणाल्या. “अर्धवट काम टाकून.”

पुढे त्यांना शिवी सुचली नाही. झारीतून थेंब-थेंब पाणी मॅनेजरांच्या चपलांवर पडत होतं. वेल्डरने थोडा वेळ खड्ड्यात बघितलं.

“हे मात्र चुकलंच त्यांचं,” तो म्हणाला.

“चुकलंच,” मेट्रनबाई म्हणाल्या. आणि आत जाऊन त्यांनी चहा टाकला.

शुक्रवार आणि शनिवार वेल्डरचे हात थांबले नाहीत. रविवारी मुलगी आली तेव्हा तेरा खांब उभे होते, अगदी कवायतीतल्यासारखे, फाटक सताड उघडत होतं. मुलगी त्यातून सरळ येऊ शकली असती, तरी सवयीने तिरकी होऊनच आत आली.

“तेरा आहेत,” तिने मोजून सांगितलं. “तीन वाजलेत.”

“एक राहिलाय. तो काय आपल्या आपण उभा राहणार? पर्स ठेव आणि धर.”

वेल्डरने खड्ड्यात काँक्रीट ओतलं, ओळंबा लावून खांब सरळ केला आणि मुलीचे दोन्ही हात त्यावर ठेवले. “कोपऱ्याची माती भुसभुशीत आहे ताई. टेकू लावलाय, पण तासभर धरायला लागेल. हलायचं नाही. जरा हललात तर जन्माचा वाकडा.”

मुलगी खांब धरून उभी राहिली. पंधरा मिनिटं गेली. मग ती खांबाकडे बघतच म्हणाली, “आई, ते जुने खांब बाबांनी वाकडे नव्हते लावले.”

“मग काय मी लावले?”

“बाबा ओळंब्यात सरळ करून द्यायचे. मग मला धरायला सांगून पुढचा खड्डा खणायला जायचे. मी एका हातानं धरायची.”

“आणि दुसऱ्या हातात?”

“पुस्तक.”

मेट्रनबाईंनी कमरेवर हात ठेवले.

“पान उलटायला लागायचं ना,” मुलगी म्हणाली. “तेव्हा तो हात सोडायची. कधी खांद्यानं टेकून धरायची. गोष्ट रंगात आली की तेही विसरायची. बाबा परत येऊन बघायचे, तोवर सिमेंट घट्ट झालेलं असायचं. म्हणायचे, असू दे, आईला मी सांगतो.”

“सांगितलं नाही कधी.”

“हो. तू ओरडायचीस, ते ऐकून घ्यायचे. मी आतल्या खोलीत वाचत बसायची.”

“चौदाच्या चौदा?”

“सलाइनचा स्टँड नाही. तो त्यांचाच.”

वेल्डर थापी धुता धुता थांबला होता. “म्हणजे त्या दिवशी मी आंधळा म्हणालो ते...”

“हिला,” मेट्रनबाई म्हणाल्या.

“मग आता परत म्हणू का? समोर आहेत म्हणून.”

“तुम्ही नको. मीच म्हणते.” आणि मेट्रनबाईंनी पदर खोचला. तेहतीस वर्षं चुकीच्या पत्त्यावर जात असलेलं सगळं त्यांनी योग्य पत्त्यावर द्यायला सुरुवात केली. गोष्टीची पुस्तकं वाचणाऱ्या मुली, त्यांना पाठीशी घालणारे बाप, कुणालाही विश्वासात न घेता शीळ घालत बसणारे बाप, असं करत करत त्या स्वतःच्या आवाजाच्या चांगल्याच वरच्या पट्टीत गेल्या. मुलगी ऐकत होती. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायला तिचा हात मोकळा नव्हता. मेट्रनबाईंनी बोलणं न थांबवता ते पुसलं.

तेवढ्यात मुलीच्या खिशात फोन वाजला.

“टेम्पोवाला असेल,” मुलगी म्हणाली. “पत्ता विचारत असेल.”

मेट्रनबाईंनी तिच्या खिशातून फोन काढला, क्षणभर हातात धरला आणि तिच्या कानाला लावला.

मुलीने खांबाकडे बघितलं, उघड्या फाटकाकडे बघितलं. “नको दादा, येऊ नका,” ती म्हणाली. “सामान न्यायचं नाहीये. नाही, दुसरीकडे कुठे नाही सांगितला टेम्पो. कारण म्हणजे... आता काय सांगू, माझे दोन्ही हात खांबाला आहेत.”

टेम्पोवाल्याला ते पटलं नसावं. तो पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलत होता, आणि मेट्रनबाई फोन धरून उभ्या होत्या.